४८६ जुळवताना ‘एचडीडी कंट्रोलर फेल्युअर’: कार्ड, केबल की डिस्क?

खोका_४८६

जुळणी अशी: ४८६ डीएक्स२-६६ प्रोसेसर, व्हीएलबी स्लॉटचा बोर्ड (जुन्या आयसा स्लॉटला मागे जोडलेला वेगवान स्लॉट), १९९३ चा एएमआय बायोस (चालू होताना हार्डवेअर तपासणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम), १६ एमबी रॅम. बोर्डावर आयडीई (हार्ड डिस्क जोडायची सोय) नाही, म्हणून व्हीएलबी मल्टी आय/ओ कार्ड, डिस्क-फ्लॉपी-सीरियल-पॅरलल सगळं एकावर. त्यावर विनबाँडच्या दोन मोठ्या चिप आहेत, डब्ल्यू८३७५९ आणि डब्ल्यू८३७५७. डिस्क ४.३ जीबीची आयडीई, लेबलवर ८९४४ सिलिंडर, १५ हेड, ६३ सेक्टर. बायोसच्या सेटअपमध्ये टाइप ४७ (आकडे स्वतः भरायचा प्रकार) निवडून १०२३/१६/६३ भरलंय.

रॅम मोजून होते, डिस्क फिरायला लागल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच हालत नाही आणि शेवटी ‘एचडीडी कंट्रोलर फेल्युअर, एफ१ दाबा’. एफ१ दाबल्यावर फ्लॉपीवरून डॉस ६.२२ बिनतक्रार चालू होतं. डिस्कचा एलईडी सुरुवातीला लागून विझतो. केबल बदलून झाली.

फ्लॉपी त्याच कार्डावर चालतेय, म्हणजे कार्ड ठीक धरायचं का? की सरळ दुसरं कार्ड शोधू?

सोल्डरगन

कार्ड इतक्यात बदलू नका. या संदेशातला ‘कंट्रोलर’ म्हणजे तुमचं कार्ड नव्हेच. १९८४ च्या आयबीएम एटीत कंट्रोलर खरोखर कार्डावर असायचा, बायोसचा संदेश त्या काळचा. आयडीईत तो कंट्रोलर डिस्कच्या खालच्या पाटीवर गेला. कार्डावर उरला तो पत्ता ओळखणारा भाग आणि डेटा लाइनींचे बफर. त्यामुळे या संदेशाचा अर्थ एवढाच: ‘डिस्क आहे असं सेटअप म्हणतंय, पण ठरलेल्या वेळात मला कुणी उत्तर दिलं नाही.’ उत्तर का आलं नाही याची कारणं पाच-सहा असू शकतात, आणि कार्ड जळणं हे त्यातलं सगळ्यात शेवटचं.

मात्र ‘फ्लॉपी चालते म्हणजे कार्ड ठीक’ हेही बरोबर नाही. तुमच्या कार्डावर फ्लॉपी, सीरियल आणि पॅरलल ८३७५७ बघते आणि ती आयसा बाजूवर आहे. आयडीई ८३७५९ बघते आणि तिचा संपर्क मागच्या तपकिरी व्हीएलबी कनेक्टरमधून होतो. व्हीएलबी कार्ड लांब असतं. पुढचा ब्रॅकेटचा स्क्रू आवळला की मागचं टोक मिलिमीटरभर वर उचललं जातं. आयसा भाग बसलेला, व्हीएलबी भाग अर्धा बाहेर. फ्लॉपी चालते, आयडीई नाही. स्क्रू सैल करा, मागचं टोक अंगठ्याने दाबून बसवा, मग स्क्रू हलका आवळा. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर चालतं, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका.

जम्परवाली

अंदाज बांधण्यापेक्षा डिस्कलाच विचारा. डॉसमधलं डीबग (पोर्टवर थेट लिहू-वाचू देणारा प्रोग्रॅम) त्यासाठी पुरेसं आहे. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप करताना रोमन अक्षरं. ‘ओ’ म्हणजे पोर्टवर लिहा, ‘आय’ म्हणजे वाचा, आकडे हेक्समध्ये.)

सेटअपमध्ये डिस्क ‘नॉट इन्स्टॉल्ड’ करा, म्हणजे बायोस मध्ये पडणार नाही. फ्लॉपीवरून चालू करा, पूर्ण मिनिटभर थांबा, मग डीबग चालवा.

पहिली चाचणी रजिस्टरची. ‘ओ १एफ६ ए०’ लिहून मास्टर (केबलवरची पहिली डिस्क; दुसरी ती स्लेव्ह) निवडा. मग ‘ओ १एफ२ ५५’ आणि लगेच ‘आय १एफ२’. उत्तर ५५ यायला हवं. तसंच ‘ओ १एफ३ एए’, ‘आय १एफ३’, उत्तर एए. ही रजिस्टरं डिस्कवर आहेत, कार्डावर नाहीत. लिहिलेलं जसंच्या तसं परत आलं तर बोर्ड, स्लॉट, कार्ड, केबल आणि डिस्कची पाटी हा सगळा रस्ता मोकळा आहे. ५५ लिहून ५४ किंवा ७५ आलं तर एखादी डेटा लाइन तुटलेली किंवा शेजारणीला चिकटलेली आहे. ५५ आणि एए यासाठीच वापरतात, दोन्ही मिळून आठही बिटं शून्य आणि एक करून तपासली जातात.

दुसरी चाचणी स्थितीची, ‘आय १एफ७’. ५० आलं तर डिस्क तयार. ८० किंवा डी० म्हणजे डिस्क अजून कामात आहे. मिनिटानंतरही तेच राहिलं तर ती अडकलीय. एफएफ किंवा ७एफ म्हणजे त्या पत्त्यावर बोलायला कुणीच नाही.

तिसरी डिस्कच्या आत्मपरीक्षणाची. ‘ओ १एफ७ ९०’, थोडं थांबा, ‘आय १एफ७’ मध्ये ८० चं बिट गेलेलं दिसलं की ‘आय १एफ१’. ०१ म्हणजे सर्व ठीक. ०० ते ८० पर्यंतचं दुसरं काही म्हणजे डिस्कचीच पाटी बिघडलेली. बाकी कुठलाही आकडा आला तर इथे लिहा.

लॅमिंग्टनवाला

डीबगच्या आधी दोन मिनिटांचं काम: मल्टीमीटर. मोलेक्सवर (डिस्कचा पॉवर कनेक्टर) लाल-काळ्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट, पिवळ्या-काळ्यात ११.४ ते १२.६. मोजायचं ते डिस्क जोडलेली आणि फिरत असताना. रिकाम्या कनेक्टरवरचं वाचन फसवं असतं. जुने एटी पॉवर सप्लाय ५ व्होल्टवर पुरेसा भार नसेल तर १२ व्होल्ट भलतंच देतात.

आणि बोर्डाचे पी८-पी९ हे पॉवर कनेक्टर जोडताना चारही काळ्या वायरी मधोमध शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लिहून ठेवतो, कारण उलटं जोडलं तर पुढचा धागा वाचायची गरज उरत नाही.

खोका_४८६

व्होल्टेज ५.०४ आणि ११.९. कार्ड दाबून बसवलं. लक्षण तेच.

डीबग: ५५ ला ५५, एए ला एए. १एफ७ वर ५०. आत्मपरीक्षणानंतर १एफ१ वर ८१.

जम्परवाली

८१! सापडलं.

त्या आकड्याचे दोन भाग आहेत. खालचा ०१ म्हणतो ‘मी, मास्टर, ठणठणीत.’ वरचं ८० म्हणतं ‘माझा स्लेव्ह नापास.’ तुमच्या केबलवर स्लेव्ह नाहीच. म्हणजे जम्परने डिस्कला सांगितलंय की सोबत स्लेव्ह आहे. रीसेटनंतर मास्टर ३४ व्या पिनवर स्लेव्हच्या ‘मी तयार’ या खुणेची वाट बघतो, आणि नियमाप्रमाणे ही वाट ३१ सेकंदांपर्यंत असू शकते. तुमच्या बायोसचा धीर त्याआधी सुटतो. म्हणून चालू करताना फेल्युअर आणि मिनिटाने डीबगमध्ये सगळं सुरळीत.

जुन्या कित्येक डिस्कवर दोन नव्हे तर तीन अवस्था असतात: एकटी, मास्टर (स्लेव्हसह), स्लेव्ह. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या कॅव्हियर डिस्कवर ‘एकटी’ म्हणजे जम्पर काढलेला किंवा आडवा निष्क्रिय जागी ठेवलेला, आणि ‘मास्टर’ म्हणजे फक्त स्लेव्ह असतानाचा मास्टर. कॉनरवर सी/डी हा मास्टरचा जम्पर आणि डीएसपी हा ‘स्लेव्ह हजर’ चा. एकटी असेल तर डीएसपी काढायचा. डिस्कच्या लेबलवर आकृती असते, नसेल तर मॉडेल क्रमांकावरून शोधा. ‘मास्टर’ शब्द दिसला की जम्पर लावून मोकळं होणं हीच इथली गोम.

सोल्डरगन

निदान झकास.

केबलचं एक राहिलं. उलटी लागली तर लक्षण वेगळं असतं: एलईडी सतत पेटलेला आणि डिस्क गप्प. ४० पिनी केबल उलटी झाली की डिस्कची १ नंबरची रीसेट पिन कार्डाच्या ४० व्या, म्हणजे ग्राउंडवर जाते आणि डिस्क कायम रीसेटमध्ये राहते. कार्डाची ३९ वी, एलईडीची पिन, डिस्कच्या २ नंबरच्या ग्राउंडवर, म्हणून दिवा विझत नाही. बहुधा काही जळत नाही, सरळ करा आणि पुढे चला. लाल कडा १ नंबरच्या पिनकडे. काही जुन्या कार्डांवर २० वी पिन कापलेली नसते आणि नव्या केबलचं ते भोक बंद असतं, त्यामुळे केबल बसत नाही. कार्डाची पिन कापू नका, भोक बंद नसलेली केबल आणा.

लांबी ४६ सेंटिमीटरच्या आत. ८० तारांची केबल जुन्या कार्डावर खुशाल वापरा. निळं टोक कार्डाला, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला.

धूळपाटी

इतर वाचकांसाठी एक भर. १एफ७ वर एफएफ किंवा तऱ्हेवाईक आकडे आले तर एका पत्त्यावर दोन आयडीई आहेत का बघा. पहिल्या चॅनेलचे पत्ते १एफ० ते १एफ७ आणि ३एफ६, आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) १४. दुसऱ्याचे १७० ते १७७ आणि ३७६, आयआरक्यू १५. बोर्डावर आयडीई असताना वर मल्टी आय/ओ कार्ड घातलं की दोघं एकाच वेळी बोलतात. एकाला जम्परने किंवा सेटअपमधून बंद करा.

साउंड कार्डांवरचं आयडीईही यात येतं. आणि त्यातल्या काहींवर जे ४० पिनी कनेक्टर दिसतं ते आयडीई नसून पॅनासॉनिकच्या सीडी ड्राइव्हचं असतं. दिसायला तंतोतंत तेच. तिथे हार्ड डिस्क लावू नये.

खोका_४८६

जम्पर काढला. फेल्युअर गेलं, डिस्क लगेच दिसते. १एफ१ वर ०१.

आता एफडिस्कला (डॉसचा विभाग पाडणारा प्रोग्रॅम) ५०३ एमबीच दिसतात. ८९४४/१५/६३ भरून पाहिलं तरी तेवढ्यातच घुटमळतं. बायोसमध्ये एलबीए किंवा लार्ज असा मोठ्या डिस्कसाठीचा पर्याय नाही.

सोल्डरगन

ही १९९४ च्या आधीच्या बहुतेक बायोसची भिंत आहे. बायोसची जुनी डिस्क सेवा १०२४ सिलिंडर, २५६ हेड, ६३ सेक्टर एवढं मोजू शकते. आयडीईची रजिस्टरं ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड, २५५ सेक्टर. दोघांमध्ये भाषांतर करणारा कुणी नसेल तर प्रत्येक रकान्यातला छोटा आकडा उरतो: १०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४ बाइट. हेच ते ५०४ एमबी.

ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर किंवा ईझेड-ड्राइव्हसारखा ओव्हरले (डॉसच्या आधी लोड होऊन हे भाषांतर करणारा प्रोग्रॅम) डिस्कच्या पहिल्या ट्रॅकवर बसवणं हा जुना उपाय. चालतो, पण फ्लॉपीवरून थेट चालू केलं तर विभाग दिसत नाहीत, आणि कुणी एफडिस्क /एमबीआर (पहिल्या सेक्टरमधला बूट कोड नव्याने लिहिणारी कमांड) मारलं की ओव्हरले गेला. मी सुचवणार नाही.

एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस वापरा. हा रॉम चिपमधून चालतो आणि तेच भाषांतर करतो. मोफत आहे, आठ केबीचा आहे आणि नेटवर्क कार्डाच्या बूट रॉम सॉकेटमध्ये बसतो. रिअलटेक ८०१९एएस किंवा थ्रीकॉम ३सी५०९बी चालेल. ३८६ आणि वरच्यांसाठी वेगळी इमेज मिळते, ती घ्या. चिपमध्ये भरण्याआधी ती एक्सटीआयडीईसीएफजी या त्याच्या सेटिंग प्रोग्रॅममधून उघडून सेव्ह करावीच लागते, कारण चेकसम (इमेज धड आहे का ते तपासायचा आकडा) तिथे बसतो. हे वगळलं तर बायोस ती रॉम गुपचूप सोडून देतो आणि तुम्ही चिपला दोष देत बसता.

चिप २७सी६४ किंवा २८सी६४ असेल तर इमेज एकदा. डब्ल्यू२७सी५१२ स्वस्त मिळते आणि अतिनील दिव्याशिवाय पुसता येते, पण ती ६४ केबीची. तिच्यात तीच इमेज आठ वेळा एकापाठोपाठ भरा. सॉकेटवर वरच्या पत्त्याच्या पिना कुठे बांधल्यात त्यावरून चिपचा कुठला तुकडा वाचला जाईल ते ठरतं. आठही तुकडे सारखे असले की प्रश्नच मिटला. मग कार्डाच्या सेटअप प्रोग्रॅममधून बूट रॉम चालू करून पत्ता द्या, सी८०० किंवा डी०००. बोर्डाच्या बायोसमध्ये डिस्क ‘नॉट इन्स्टॉल्ड’ करा.

धूळपाटी

रॉम दिसते का हे डीबगमध्ये ‘डी सी८००:०’ करून बघा. पहिले दोन बाइट ५५ एए हवेत. एफएफची रांग दिसली तर सॉकेट चालू नाही किंवा पत्ता वेगळा आहे. ५५ एए दिसूनही काही उमटत नसेल तर चेकसम.

आणि भूमिती बदलली की आधीचे विभाग टाकाऊ. १०२३/१६/६३ वर केलेलं विभाजन एक्सटीआयडीईखाली वेगळ्याच जागी पडेल. दिसलंच तर त्यावर लिहू नका. आधी सगळे विभाग काढा, मग एफडिस्क, ॲक्टिव्ह करा, फॉरमॅट सी: /एस. ॲक्टिव्ह करायचं राहिलं तर एएमआय बायोस ‘नो रॉम बेसिक’ म्हणून थांबतो आणि नवखा माणूस पुन्हा कंट्रोलरच्या मागे लागतो.

डॉस ६.२२ मध्ये एक विभाग जास्तीत जास्त २ जीबी, पण तिथे क्लस्टर (फाइलला मिळणारा जागेचा सर्वांत छोटा तुकडा) ३२ केबीचा होतो. दोन बाइटची बॅच फाइलही ३२ केबी खाते. १०२३ एमबीपर्यंतच्या विभागाला १६ केबी. चार करा.

जम्परवाली

एएमआयच्या सेटअपमध्ये ‘हार्ड डिस्क युटिलिटी’ असा पर्याय दिसेल, त्यात लो-लेव्हल फॉरमॅट आणि इंटरलीव्ह. तो आयडीईच्या आधीच्या एमएफएम-आरएलएल डिस्कांसाठी आहे. आयडीईवर चालवू नका. इंटरनेटवर सापडणारं ‘डीबगमध्ये जी=सी८००:५’ हेही त्याच जुन्या कार्डांसाठी, जिथे रॉम सी८०० ला असते आणि फॉरमॅटचा प्रोग्रॅम तिच्या आत. तुम्ही आता सी८०० ला भलतीच रॉम ठेवणार आहात, तेव्हा ती कमांड तर अजिबात नको.

रात्रपाळी

डीएक्स-५० किंवा ४० मेगाहर्ट्झचा ४८६ असलेल्यांसाठी: व्हीएलबीचा वेग प्रोसेसरच्या बाहेरच्या घड्याळाचा. धागाकर्त्याचा ६६ आत, बाहेर ३३, त्यामुळे चिंता नाही. ४० वा ५० असेल तर बोर्डावर आणि कार्डावर ‘३३ पेक्षा जास्त’ चा जम्पर आणि एक वेट स्टेट (प्रत्येक वाचन-लेखनात एक ठोका जास्तीचं थांबणं) लावा. नाही लावलं तर डिस्क ओळखली जाते, डॉसही चालू होतं, फक्त मोठ्या फाइली कॉपी करताना मधलाच बाइट बदलतो. ही चूक फेल्युअरपेक्षा वाईट, कारण ती महिनाभराने कळते. तपासायचं असेल तर २०-३० एमबीची झिप फाइल एका विभागातून दुसऱ्यात कॉपी करा आणि फाइल कम्पेअर /बी ने दोन्ही ताडा. एकाही बाइटचा फरक चालणार नाही.

कार्डावर पीआयओचे (डिस्कशी डेटा देवाणघेवाणीच्या वेगाचे) जम्पर असतील तर शून्यापासून सुरुवात. मोड ० चा एक फेरा ६०० नॅनोसेकंदांचा, मोड २ चा २४०, मोड ४ चा १२०. जम्पर डिस्कच्या कुवतीपुढे नेला की हाच कचरा.

लॅमिंग्टनवाला

पीसीआयवाल्या पहिल्या पेंटियम बोर्डांची डोकेदुखी वेगळी. बोर्डावर सीएमडी ६४० किंवा आरझेड १००० अशी चिप दिसली तर तिचं आगाऊ वाचन बंद ठेवा. दोन्हींत डेटा बिघडवणारा दोष चिपमध्येच आहे, जम्पर किंवा केबलने जात नाही. लिनक्समध्ये त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली होती.

पुढच्या पिढीतल्या काही अवॉर्ड बायोसची भिंत ३३.८ जीबीची. ४० जीबीची डिस्क लावली की ओळखतानाच मशीन गोठतं, संदेशही नाही. बऱ्याच डिस्कवर क्षमता ३२ जीबीपर्यंत कापायचा जम्पर असतो, तो त्याचसाठी. १३७ जीबीची भिंत त्याहून पुढची.

खोका_४८६

८०१९एएस मध्ये चिप बसवली. पहिल्यांदा काही उमटलं नाही; सी८०० वर ५५ एए दिसत होतं. एक्सटीआयडीईसीएफजीमधून पुन्हा सेव्ह करून भरल्यावर आली. ४.३ जीबी पूर्ण, चार विभाग, फाइल कम्पेअरला फरक शून्य.

आता दोन गोष्टी. ईएमएम३८६ (डॉसचा मेमरी मॅनेजर) चालू केलं की मशीन अडकतं. आणि विंडोज ३.१ ‘३२ बिट डिस्क ॲक्सेस’ घ्यायला तयार नाही. शिवाय पुढे डिस्कऐवजी सीएफ (कॉम्पॅक्ट फ्लॅश) मेमरी कार्ड लावायचं मनात आहे.

धूळपाटी

ईएमएम३८६ रॉमच्या जागेवर यूएमबी (६४० केबीच्या वरचे मेमरीचे तुकडे) मांडतंय. कॉन्फिग.सिसमधल्या ओळीत एक्स=सी८००-सी९एफएफ जोडा. तेवढीच आठ केबी लागते, पण काही नेटवर्क कार्डं १६ केबीची खिडकी उघडतात. तुमचं तसं असेल तर सीबीएफएफपर्यंत वगळा.

विंडोज ३.१ चा डब्ल्यूडीसीटीआरएल ड्रायव्हर एटीच्या मूळ कंट्रोलरसाठी लिहिलेला आहे. डिस्क स्वतःची जी भूमिती सांगते ती आणि बायोस सांगतो ती जुळली नाही की तो माघार घेतो, आणि भाषांतर केलेली डिस्क कधीच जुळणार नाही. त्याचं माघार घेणं योग्यच आहे, जबरदस्ती करू नका. सिस्टिम.आयएनआयमध्ये ३२बिटडिस्कॲक्सेस=ऑफ ठेवा. हवंच असेल तर मायक्रो हाउसचा एमएच३२बिट.३८६ हा ड्रायव्हर त्या जागी घालता येतो.

जम्परवाली

सीएफसाठी साधा ॲडॉप्टर पुरतो, कारण सीएफ कार्ड स्वतःच आयडीई बोलतं. ॲडॉप्टरवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जम्पर असतो. ४८६ च्या कार्डाचे सिग्नल ५ व्होल्टचे, तो ५ वर ठेवा. मशीन चालू असताना कार्ड काढायचं नाही. जुन्या डिस्कसोबत एकाच केबलवर मास्टर-स्लेव्ह म्हणून जोडी बऱ्याचदा जमत नाही, म्हणून एकटंच लावा.

नवं सीएफ फॉरमॅट करूनही काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत राहिला तर कंट्रोलरकडे बघू नका. कारखान्यातून येणाऱ्या कार्डांच्या पहिल्या सेक्टरमध्ये पुष्कळदा बूट करायचा कोडच नसतो आणि एफडिस्कला तिथे आधीच सही दिसली की तो नवा लिहीत नाही. एकदा एफडिस्क /एमबीआर. तुमच्याकडे ओव्हरले नाही, त्यामुळे इथे ती कमांड निर्धास्त द्या.